सिनेमात नसलेली चार मिनिटं

पुण्याहून परतल्यापासून आमच्या गल्लीत सगळे एकच विचारतात, "सिस्टर, दिसलात का सिनेमात?" मी बार्शीच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तरी लोकांसाठी मी अजून सिस्टरच आहे. "नाही दिसले," एवढं सांगून दार लावून घेता आलं असतं. पण मग त्या तीन दिवसांत काय झालं ते कुणालाच कळणार नाही. म्हणून सगळं लिहून काढते.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या शेजारणीची भाची शर्वरी पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेते. तिथे शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करावा लागतो. मागच्या हिवाळ्यात ती मावशीकडे आली होती. गच्चीवर चादरी वाळत घालताना तिने मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहिली.

"काकू, माझ्या फिल्ममध्ये आई व्हाल का?"

"अगं, मला अभिनय कुठे येतो?"

"म्हणूनच विचारतेय."

सिनेमाचं नाव 'अकरा शर्ट'. वडील गेल्यावर मुलगी गावी येते, आईबरोबर त्यांचे कपडे आवरते, कुणाला काय द्यायचं ते ठरवते, एवढीच गोष्ट. शूटिंग आमच्याच घरात झालं. सात पोरं, घरभर वायरी, आणि चार दिवस माझ्या हातचं पिठलं-भाकरी. शर्वरीला वापरलेले शर्ट हवे होते. दुकानातून आणलेले पडद्यावर नवे कोरे दिसायला लागले. तेव्हा मी ह्यांचं कपाट उघडलं. माझे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि ते कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. शर्ट मोजून अकरा निघाले नाहीत, नऊच निघाले. दोन शेजारच्यांचे घेतले.

या वर्षी शर्वरीचा फोन आला. पुण्यातल्या एका चित्रपट महोत्सवात विद्यार्थ्यांचे आणि स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणाऱ्यांचे लघुपट दाखवणार होते, त्यात आमचा निवडला गेला होता. "काकू, याल ना?" एवढंच म्हणाली. मी गल्लीभर सांगितलं. मग पुण्याला मालूताईंना फोन केला.

मालूताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय बहात्तर, कन्याशाळेतून निवृत्त, नारायण पेठेत एकट्या राहतात. आमचं बोलणं दिवाळीपुरतंच उरलं होतं. मी लॉजवर उतरेन म्हटलं, तर पलीकडून आवाज आला, "उतर की. लोकांनी विचारलं तर मी सांगेन, माझं घर तिला लहान पडतं."

पहिला दिवस

स्वारगेटला उतरले तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. रिक्षावाल्याने मंडईच्या बाजूने नेलं. भाज्यांच्या पाट्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, आणि हिरव्या हरभऱ्याचे असे ढीग की आमच्या आठवडी बाजारात सगळ्यांचा मिळून तेवढा होणार नाही. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडून त्यांनी आधी माझ्या पिशव्यांकडे पाहिलं.

"तीन दिवसांसाठीच आलीस ना? चपला बाहेर."

मी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली होती. ताईंनी चटणी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळे पुसले आणि डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवला. त्यांच्या आमटीत गूळ असतो, आमच्याकडे लसूण. एकाच आईच्या दोन लेकरांची घरं, पण दोन्हीकडच्या आमट्या एकमेकींना ओळखणार नाहीत.

दुपारी महोत्सवाला गेलो. ताई येतील असं वाटलं नव्हतं, पण त्या कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीने खुणा करून तयार होत्या. एका कॉलेजचं मोठं सभागृह होतं. दारात एक मुलगी गळ्यात घालायचे पास देत होती.

"आजी, हा गळ्यात घाला हं, म्हणजे गेटवर इश्यू नाही होणार."

"गळ्यात काय घालायचं ते मी बहात्तर वर्षं स्वतः ठरवत आलेय," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पास पर्समध्ये टाकला. पुढच्या दाराशी तो काढून दाखवावा लागला.

आमच्याकडे थिएटरात लोक पडद्याशी बोलतात. नायकाला सावध करतात, खलनायकाला शिव्या घालतात. इथे माझ्या पिशवीची चेन वाजली तर तीन माणसांनी वळून पाहिलं. पोरं पायऱ्यांवर बसली होती. पुढच्या रांगांत खांद्याला झोळी अडकवलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ. सिनेमा संपला की करणाऱ्याला स्टेजवर बोलावतात आणि लोक प्रश्न विचारतात. झोळीवाल्यांपैकी एक प्रत्येक वेळी उभे राहायचे, "माझा प्रश्न नाही, निरीक्षण आहे," असं म्हणून पाच मिनिटं बोलायचे. तिसऱ्या खेपेला ताई पुरेशा मोठ्याने म्हणाल्या, "घरून लिहून आणलंय. पाठही झालंय."

त्या दिवशी सात लघुपट पाहिले. एक वाळूच्या रेघांमधून हलणाऱ्या चित्रांचा होता, त्यात ताईंना झोप लागली. एक येरवड्याच्या तुरुंगाबाहेर भेटीसाठी थांबलेल्या बायकांचा. आठ मिनिटांत एकही चेहरा नाही, नुसते हात आणि पिशव्या. एक बाई चिवड्याची पुडी सोडते, परत बांधते, परत सोडते. दवाखान्याच्या बाकावर असे हात मी तीस वर्षं पाहिले आहेत, पण ते बघत राहावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

मला सगळ्यात आवडला तो एका बँकेतल्या माणसाने मोबाइलवर केलेला. वय पन्नाशीचं, आयुष्यातला पहिलाच सिनेमा. त्याचं गाव शहराने गिळलेलं. म्हातारे वडील बारा-बारा मजली इमारतींमधून हिंडत आपली विहीर नेमकी कुठे होती ते शोधतात आणि शेवटी एका पार्किंगमध्ये पांढऱ्या मोटारीपाशी थांबतात. म्हातारबाबा सभागृहात होते. मुलाच्या हातातला माइक काढून घेऊन म्हणाले, "इहीर त्यानं शोधल्याली न्हाय. म्याच शोधली. त्यो निस्ता मागनं फोन धरून फिरत व्हता." सगळं सभागृह हसलं. टाळ्या थांबेनात. ताईसुद्धा हसल्या, आणि लगेच चष्मा पुसायला लागल्या.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या तुझं काय? रडायचंबिडायचं आहे का त्यात?"

"आहे थोडं."

"अस्सं," एवढंच म्हणून त्यांनी ताट उचललं.

तो 'अस्सं' का, ते मला माहीत होतं. हे गेले त्या सकाळी ताई पुण्याहून पोचल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. डॉक्टरांना मृत्यूच्या दाखल्यासाठी फोन केला होता, ह्यांच्या अंगाखालची चादर बदलली होती, आलेल्यांना बसायला सतरंजी घातली होती. रडले नव्हते. आमच्या कामात आधी करायचं ते करतात. नंतर रडायला वेळ मिळेल असं वाटतं, आणि नंतर घरात माणसं असतात. दारात उभ्या राहून ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "माझा भाऊ गेला आणि हिचा पेशंट गेला." पाच वर्षं झाली. मी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यांनीही तो विषय परत काढला नव्हता.

दुसरा दिवस

मी निळी इरकल नेसले होते. ताईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पडद्यावर आहेस, स्टेजवर नाही," म्हणाल्या. पण पदर मागून नीट करून दिला.

'अकरा शर्ट' चौदा मिनिटांचा. आमच्या घराचं दार पडद्यावर एवढं मोठं दिसलं की मी खुर्चीत मागे सरकले. मुलगी बॅग घेऊन आत येते. आमची खुंटी, आमचा पाट, खिडकीतलं पितळी घंगाळ. मुलगी कपाट उघडते. आतून माझा आवाज येतो, "चहा ठेवू का गं?" मी ताईंचा हात दाबला. आता मी येणार होते.

मुलीने पहिला शर्ट काढला, हुंगला, बाजूला ठेवला. दुसरा काढला. फोनवर नवऱ्याशी भांडली. दारात कपबशी धरलेला एक हात आला आणि गेला. तो माझा होता. सातवा शर्ट तिने स्वतः अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. ताई कानाशी कुजबुजल्या, "तू कधी आहेस?" मी म्हटलं, "आता." मुलगी गच्चीवर गेली. शर्ट दोरीवर फडफडले. काळोख झाला आणि नावं यायला लागली.

आईच्या भूमिकेत असं कुणाचंच नाव नव्हतं. शेवटी 'विशेष आभार' आलं. त्या यादीत मंडपवाला, पाण्याचे जार देणारा आणि त्यांच्या खाली मी, 'उषा महाजन, बार्शी'.

टाळ्या मोठ्या पडल्या. शर्वरी स्टेजवर गेली. झोळीवाल्यांनी निरीक्षण मांडलं. ती उत्तर देत होती, पण आम्ही बसलो होतो त्या बाजूला तिने एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की मला काढल्याचं सांगायला ती विसरलेली नव्हती.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी ताईंच्या शेऱ्याची वाट पाहत होते. तो आलाच.

"आवाज चांगला लागला हो तुझा."

मला शूटिंगचे चार दिवस आठवत होते. तो एक प्रसंग आठवत होता, ज्यात शर्वरी म्हणाली होती, "काकू, काही करू नका. शर्ट आहेत, घड्या घाला. मी थांबा म्हणेपर्यंत." त्यानंतर सातही पोरं गप्प झाली होती आणि कॅमेऱ्यामागचा मुलगा नाक पुसत बाहेर गेला होता. माझं काहीतरी चुकलं असणार. त्याशिवाय का काढतील? गल्लीत सगळ्यांना काय सांगायचं, हे आठवून कानशिलं तापली.

"घरी जाऊ या," मी म्हटलं.

"का म्हणून?" ताई जागच्या हलल्या नाहीत. "जाऊन विचार तिला. गप्प बसायची सवयच आहे तुला."

शर्वरी कॉलेजच्या कँटीनमध्ये सापडली. मित्र-मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती. समोर साबुदाणा वडा तसाच. आम्हाला पाहून उठून उभी राहिली, आणि बाकीची पोरं न सांगता दुसऱ्या टेबलावर गेली.

"काकू, मी तुम्हाला फोन करणार होते."

"पण केला नाहीस."

"नाही केला. धाडस नाही झालं."

ताईंनी खुर्ची ओढली. "मी हिची नणंद. चार दिवस या बाईच्या घरात तळ ठोकलात, तिच्या हातचं खाल्लंत, आणि नाव मंडपवाल्याच्या खाली? मंडप तरी कुठे दिसला सिनेमात?"

शर्वरी रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. सरळ बोलली. "आजी, मी गोष्ट मुलीची लिहिली होती. पण काकूंचा तो सीन लावला की बघणारा प्रत्येकजण नंतर मुलीला विसरायचा. सगळे आईचीच वाट बघायचे. तीन महिने मी तो इकडे लावून पाहिला, तिकडे लावून पाहिला, लहान करून पाहिला. लहान केला की खोटा वाटायचा. आमचे सर म्हणाले, दोन सिनेमे आहेत हे, एक निवड. मी माझा निवडला." मग माझ्याकडे वळली. "नाव वर घ्यायला हवं होतं. ती माझी चूक आहे. आणि आधी न सांगणं, ही त्याहून मोठी."

"माझं काही चुकलं होतं का?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

"नाही हो, काकू. बघायचाय का तुम्हाला? माझ्याजवळ आहे."

तिने लॅपटॉप काढला. कँटीनमध्ये गोंगाट होता, म्हणून कानात घालायची यंत्रं दिली. दोनच होती. एक मी घातलं, एक ताईंनी. वायर आखूड असल्यामुळे डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. पाच वर्षांत आम्ही एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

पडद्यावर आमची आतली खोली. मी जमिनीवर बसलेली, समोर शर्टांचा ढीग. पहिल्या दोन घड्या मी पाहुण्यांसमोर घालाव्यात तशा घातल्या, ताठ बसून. तिसरा शर्ट चौकड्यांचा निघाला.

"हा बापूचा," ताई म्हणाल्या. ह्यांना त्या बापू म्हणायच्या.

"हो. सगळे त्यांचेच आहेत. दोन सोडून."

पुढचं मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पडद्यावरच्या बाईने तो शर्ट मांडीवर पसरला आणि त्याची बटणं लावायला घेतली. खालून वर, एकेक. प्रत्येक बटण लावलं की वरून तळहात फिरवायची. अर्धांगवायू झाल्यावर ह्यांचा उजवा हात गेला होता. अकरा महिने ते अंथरुणात होते, पण बनियनवर राहायला तयार नसायचे. "मास्तर आहे मी, कुणी आलं म्हणजे?" म्हणायचे, म्हणजे म्हणायचा प्रयत्न करायचे. मी रोज सकाळी शर्ट घालायचे आणि अशीच बटणं लावायचे. गळ्याशी आल्यावर पडद्यावरच्या बाईचे हात थांबले. शेवटचं बटण तिने लावलं नाही. तिथे बोट घालून कॉलर जराशी सैल केली, जसं कुणाला श्वास घ्यायला जागा करून द्यावी. मग शर्ट तसाच मांडीवर राहिला आणि ती रडायला लागली.

मला वाटत होतं तेव्हा मी मिनिटभर रडले असेन. ते संपेना. तोंड वेडंवाकडं झालेलं, नाक गळतंय, मधेच हुंदका आवरून ती शर्टाच्या बाहीची सुरकुती काढते आणि परत सुरू. मला स्वतःकडे बघवेना. मी कँटीनच्या खिडकीबाहेर पाहत राहिले.

चित्र थांबलं. ताईंनी कानातलं यंत्र काढलं नाही.

"पुन्हा लाव," त्या शर्वरीला म्हणाल्या.

पुन्हा चार मिनिटं. या वेळी मी फक्त ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. संपल्यावर यंत्र काढून त्यांनी ते रुमालाने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"बरं केलंस काढलंस ते," त्या शर्वरीला म्हणाल्या. "तुझा सिनेमा चांगला आहे. हे लोकांनी बघायचं नाही. वडा खा, गार झालाय."

लकडी पुलापर्यंत आम्ही चालत आलो. पुलाच्या मध्यावर ताई कठड्याला टेकल्या.

"त्या दिवशी मी बोलले ते..."

"ताई, राहू द्या."

"नाही राहू द्यायचं. चारचौघांत बोलले होते, चारचौघांत परत घ्यायला हवं. त्यातले निम्मे आता वर गेले, त्यांना कुठे शोधू? म्हणून तुझ्यापाशी घेते. चुकले मी, उषा."

मी त्यांचा हात धरला. तो सोडवून घेत त्या म्हणाल्या, "चल, लोक बघतायत."

तिसरा दिवस

शेवटच्या दिवशी महोत्सवात बक्षिसं होती. पेपरात वाचलं की प्रेक्षकांचं बक्षीस विहिरीच्या सिनेमाला मिळालं. आम्ही गेलोच नाही. सकाळी ताई म्हणाल्या, "अंधारात बसून पुरे झालं," आणि मला खडकवासल्याला घेऊन गेल्या. बसमध्ये खिडकीची जागा मला दिली.

धरण काठोकाठ नव्हतं, पण वाऱ्याने बारीक लाटा कठड्यावर येत होत्या. पलीकडे सिंहगड धुरकट दिसत होता. आमच्या भागात एवढं पाणी दिसलं की माणसं आधी हात जोडतात. इथे कॉलेजची पोरं त्याकडे पाठ करून फोटो काढत होती. गाड्यांवर कणसं भाजत होती. आम्ही कांदाभजी घेतली आणि कठड्यावर बसलो.

ताईंनी एक भजं उचललं आणि परत कागदावर ठेवलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"शेवटी त्याने माझी आठवण काढली होती का?"

नर्सला या प्रश्नाची उत्तरं पाठ असतात. 'हो, तुमचंच नाव घेत होते,' असं मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे. ते खोटं असतं आणि त्याने बरं वाटतं. ताईंना तसं सांगणं मला जमलं नाही.

"नाही, ताई. शेवटचे आठ दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. कुणाचीच काढली नाही. माझीही नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं खरं बोललीस. खोटं मला कळलं असतं." मग पदर खोचून माझ्याकडे वळून बसल्या. "आता मला सगळं सांग. तो पडला त्या दिवसापासून. मी कधी विचारलंच नाही."

मी सांगायला लागले. शाळेच्या पायरीवर ते कसे पडले, पहिल्या महिन्यात कसे चिडायचे, डाव्या हाताने पाटीवर नकाशे कसे काढायचे आणि मला नद्यांची नावं लिहायला कसे लावायचे, एकदा 'भीमा' चुकीच्या जागी लिहिली म्हणून तोंड फिरवून कसे बसले. ताई मधेच हसायच्या, मधेच म्हणायच्या, "लहानपणीही असाच होता." दोन बस गेल्या. त्या अकरा महिन्यांतलं असं पुष्कळ होतं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगणाऱ्यातली नाही.

सांगून संपलं तेव्हा ऊन पायांशी आलं होतं आणि भजी गार होऊन कागदाला चिकटली होती. ताईंनी ती एकेक सोडवून सगळी खाल्ली. तेलाबद्दल, गाडीवाल्याबद्दल, खडकवासल्याबद्दल एकही शेरा मारला नाही.